चिमटीतलं मूल

गॉगल डोळ्यांवर चढला की सत्यवती एकदम ताठ बसायची. एरवी जेवलो की नाही हेही न आठवणारी ही बाई तेव्हा मालवणच्या बाजारात मासळीची टोपली मांडून बसलेली पूर्वीची सत्यवती वाटायची.

तोंडवलीच्या समाजमंदिरात दर गुरुवारी मुंबईची माणसं विसरभोळ्या म्हाताऱ्यांकडून मेंदूचे व्यायाम करवून घेत. त्यांचा खरंच उपयोग होतो का, याची ही चाचणी होती. गॉगलमध्ये एक आभासी स्वयंपाकघर दिसे. दूध उतू जाई, दाराची बेल वाजे, आणि मधूनच एक लहान मूल उघड्या दाराकडे निघे. हात पुढे करून हवेत चिमूट धरली की मूल उचललं जाई. 'टिंग' वाजे, मार्क पडत.

"ह्या घरात म्हावऱ्याचो वासच नाय. खंयचे गो हे लोक?" सत्यवती विचारी. मग मुलाकडे बघून त्याच्या आईची चौकशी करी, "आनी ह्यां पोर कोणाचां? आवस खंय गेली ह्याची?"

सगळे हसत. मांडीवर रियाला घेऊन बसलेली तिची सून संचिता हसत नसे. तिला ओरोसच्या एका कार्यालयात कंत्राटी नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं. गावात पाळणाघर नाही, तिची स्वतःची आई हयात नाही. म्हणजे दीड वर्षाची रिया दिवसभर सत्यवतीपाशी राहणार.

शेवटच्या गुरुवारी चाचणी घेणाऱ्या सुशांतने मार्कांचा पडदा संचिताकडे वळवला. "बघा वहिनी, किती सुधारणा! मूल तर आजी एकदाही विसरल्या नाहीत."

रात्री मुंबईहून नवऱ्याचा, रविराजचा फोन आला. "आयेचे मार्क बघलंस? उगाच घाबरत होतंस. चेडवाक बघूक आये आसा मां, बिनघोर जा नोकरीक."

त्याने गॉगल घातलेल्या आईचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमची हायटेक आये.' अंगठ्यांची रांग लागली. संचितानेही एक अंगठा दिला. न देऊन सांगते कोणाला?

पण मन घट्ट होईना. रविवारी तिने स्वतःची चाचणी लावली. खळ्याचं बेडं, म्हणजे अंगणाचं फाटक, नीट बांधलं, रियाला सत्यवतीपुढे बसवलं, "आये, मी धुणां घालून येतंय" म्हणाली, आणि न्हाणीच्या भिंतीआड उभी राहून बघत राहिली.

सगळं छान चाललं होतं. सत्यवती नातीशी बोलत होती, तिचं नाक पुसत होती. संचिताला स्वतःची लाज वाटायला लागली. तेवढ्यात एक पर्यटक तारकर्लीचा रस्ता विचारायला आत आला. सत्यवतीने हात करून दिशाही बरोबर दाखवली. तो गेला, जाताना बेडं उघडं टाकून.

रिया उठली. खळं ओलांडून डुलत डुलत निघाली. बाहेरच्या गल्लीतून समुद्राकडे जाणाऱ्या गाड्यांचा रविवारी तुटवडा नसतो.

सत्यवतीने पाहिलं. अगदी वेळेवर पाहिलं. जागची न हलता तिने हात पुढे केला आणि लांबवरच्या त्या पाठमोऱ्या पोरीला हवेतच चिमटीत धरलं.

मग ती वाट बघत बसली.

संचिता धावली तेव्हा रियाचं एक पाऊल गल्लीत होतं. ब्रेक करकचले. ड्रायव्हरने खिडकीतून शिवी घातली. पोर छातीशी दाबून ती माघारी आली, तरी सत्यवतीची चिमूट तशीच वर होती.

"उचलून ठेवलंय तिका. आवाज कसो नाय इलो?" तिने काळजीने विचारलं. मग संचिताच्या कडेवर रिया दिसली आणि तिचा चेहरा बदलला. "पोर उघड्यार सोडून खंय गेल्लंस? आवस कसली गो तू?"

संचिताने सुशांतला फोन केला. त्याने नीट ऐकून घेतलं, मनापासून वाईट वाटल्यासारखं बोलला. "पण वहिनी, घरी काय होतं ते आम्ही या टप्प्यात मोजत नाही."

रविराजने तेवढंही ऐकलं नाही. "मार्क एवढे चांगले पडले आनी तुका विश्वास नाय. एक पर्यटक बेडां उघडां टाकून गेलो, त्यात आयेचो काय दोष? नोकरीच करूची नाय तर तसां सरळ सांग."

सोमवारी सकाळी ओरोसची एसटी हॉर्न देऊन निघून गेली. संचिता चुलीशी पेज ढवळत होती. एक डोळा दाराकडे. कार्यालयातून येणारा फोन दोनदा वाजून थांबला होता.

ओटीवर सत्यवतीने हात पुढे करून चिमूट धरली. अंगणातली रिया लगेच थबकली, वळली, आणि खिदळत आजीच्या मांडीवर येऊन आदळली.

"टिंग," रिया म्हणाली.

"बघ," सत्यवती आत बघून म्हणाली, "आता वाजलां."