न धरलेली मान

भाचीचं पत्र महिनाभर टेबलावर पडून होतं. उत्तर दिलं नाही म्हणण्यापेक्षा, दर वेळी लिहून फाडलं. तिने विचारलं होतं ते साधंच. बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहाल का? तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेल्यापासून माहेरचं माणूस म्हणून मीच उरलोय, हेही तिने शेवटी जाता जाता लिहिलं होतं.

पण धर्मपित्याने मुलाला श्रद्धेत वाढवायचं असतं, आणि माझी श्रद्धा पुस्तकांत वाचलेली. उभी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलं. देव माणूस झाला, हे इतकी वर्षं शिकवलं की ते वाक्य बोलताना घराची खिडकी लावली की नाही, हाच विचार डोक्यात चालायचा. असा माणूस कुणाचा धर्मपिता होणार?

काल दुपारी ती दारात उभी. हातांत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"पत्राला उत्तर नाही, म्हणून मजकूरच उचलून आणला," ती म्हणाली.

मी तिच्यासाठी खुर्चीवरची पुस्तकं उचलायला वाकलो. ती राहू द्या म्हणत तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि हात धुवायला आत वळली. मी जन्मात तान्हं मूल हातात घेतलेलं नव्हतं, ही भाची तान्ही असताना तिलासुद्धा नाही. बहीण चिडवायची, दादाकडे मूल द्यायचं तर आधी पुठ्ठ्यात बांधून घ्यावं लागेल.

मी त्याला जाड शब्दकोश घ्यावा तसं घेतलं, दोन्ही हात पाठीखाली. आणि त्याचं डोकं मागे गेलं. पार मागे. गळा उघडा पडला, तोंड वासलं, आणि रडणंसुद्धा फुटेना.

भाचीने झडप घालून माझा तळवा त्याच्या डोक्याखाली सरकवला. "मान, मामा. त्याने अजून मान धरलेली नाही."

मग त्याला रडू फुटलं, आणि तिच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी नाही. सगळ्याच मुलांचं असं असतं का, मी विचारलं. पहिले काही महिने सगळ्यांचंच, ती म्हणाली, तुमचंही असणार.

माझी नजर भिंतीवर गेली. तिथे पवित्र मातेचं आणि बाळाचं चित्र आहे, नोकरी लागली तेव्हापासून. बाळ आईच्या मांडीवर ताठ बसलेलं, आशीर्वादाचा हात वर, मान अशी की शाळा तपासायला आलेले साहेबच.

"त्याचंही?"

तिने चित्राकडे पाहिलं. "त्याचंही. चित्रकाराने कधी मूल घेतलं नसेल."

मला बसावंच लागलं. तळव्यात ते डोकं होतं, गरम, घामेजलेलं. टाळू आत-बाहेर उडत होती. ज्याने सगळं विश्व तोलून धरलंय असं मी मुलांना सांगत आलो, त्यालाही तान्हेपणी स्वतःची मान तोलता येत नव्हती. कुणीतरी खाली हात द्यायचा होता. तो द्यायचा राहिला असता तर? वर्गात एकाही मुलाने हे विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही. रोजच्या त्या वाक्यात एवढं भयंकर काही होतं, आणि मी ते खडू झटकावा तसं बोलून मोकळा होत होतो. देवाने माणसाच्या तळव्यावर एवढा भरवसा टाकावा? माणसं माझ्यासारखी असताना?

पांढरे पडलात मामा, पाणी आणू का, असं ती विचारत होती. मी त्या डोक्याखालचा तळवा हलवला नाही.

पत्राचा विषय तिने निघेपर्यंत काढला नाही. दारात चपला घालताना, पाठमोरी असतानाच बोलली, "नाही म्हणायचं असेल तर लिहून कळवा. तोंडावर नका सांगू."

ती गेल्यावर लिहायला बसलो. बरीच पानं झाली, देवाच्या जन्मापासून वधस्तंभापर्यंत पोचलो, आणि सगळं फाडलं. मग एका कार्डावर लिहिलं: "येतो. मान कशी धरायची, ते आधी एकदा नीट दाखव. मामा."

आज सकाळी कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकलं. टाकताना पाहिलं तर दुसरा हात मी कार्डाखाली धरला होता.