बिनसहीची चिठ्ठी

“बोट काय दाखवतेस? नाव घे!”

साताऱ्याच्या शाळेतल्या मधुमतीबाईंचा, चहाडी करणाऱ्या मुलींवर कडाडणारा खणखणीत आवाज. तीस वर्षांनी, कार्डिफच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तो सुनेत्राच्या कानात वाजला. निमित्त झालं लेकीचं. टेबलावर इरावती ग्रीक घोकत होती.

“आई, हा verb बघ ना. कातेगोरेओ. Accuse करणं. पण आगोरामध्ये, like, भर चौकात सगळ्यांच्या समोर उभा राहून.”

“आणि पाठीमागे केलं तर?”

“मग ते just bitching, आई.”

लाटता लाटता पोळी फाटली.

हॉस्पिटलात सुनेत्राच्या वॉर्डातून मॉर्फिनच्या दोन कुप्या चोरीला गेल्या, त्याला तीन आठवडे झाले होते. संशयाला पाय नसतात, तरी तो खाटाखाटांमधून हिंडला, चहाच्या कपांत उतरला आणि वैजयंतीपाशी येऊन बसला. सुनेत्राबरोबरच नर्स म्हणून इथे आलेली, गणपतीत तिच्या ओट्याशी मोदक वळणारी वैजयंती! भर जुलैत लांब बाह्यांचं कार्डिगन. ब्रेकमध्ये एकटीच गाडीत. डोळे लाल. सुनेत्राने सगळं टिपलं आणि त्या दिवशी सकाळीच मॅनेजरच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवली होती. नाव वैजयंतीचं, खाली सही नाही.

त्याच संध्याकाळी वैजयंतीचा फोन आला. “सुने, उद्या चौकशी आहे गं. सोबतीला एक colleague नेता येते. येशील? इथे दुसरं कोण आहे मला?”

“येते की,” सुनेत्रा म्हणाली.

सकाळी चौकशीच्या खोलीबाहेर दोघी बसल्या.

“नोकरी गेली तर नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही जाईल गं. तिकडे आईचं शेवटचं चाललंय. वॉर्डात कशी रडू? गाडीत रडून येते.”

“आणि हे कार्डिगन?” सुनेत्राने विचारलंच.

वैजयंतीने बाही वर सारली. कोपरापर्यंत लालभडक खपल्या. “सोरायसिस उठलाय. पेशंट बिचकतात.”

सुनेत्राची नजर त्या खपल्यांत सुईची खूण शोधत राहिली. एकही नव्हती.

आत तिघे बसले होते. मॅनेजरबाईंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली, “एका सहकाऱ्याने लेखी कळवलं आहे की…”

वैजयंती सुनेत्राच्या कानाशी झुकली. “कोण असेल गं मेली?”

सुनेत्रा खुर्ची मागे सारून उभी राहिली. मॅनेजरबाई वाचायच्या थांबल्या. सुनेत्रा बोलली ती वैजयंतीच्या डोळ्यांत बघून, मराठीतच.

“मी, वैजू. चिठ्ठी माझी आहे. आणि मी काहीसुद्धा पाहिलं नव्हतं.”