सरकतं स्टूल

कपड्यांच्या कारखान्यात आम्ही तळमजल्यावर इस्त्री करतो, दिवसभर उभ्यानं. गुडघे बोलायला लागले तेव्हा आम्ही बायकांनी एक मोडकं स्टूल ठोकठाक करून घेतलं. जी बसेल तिचे शर्ट शेजारणींनी ओढून घ्यायचे. थोडं टेकून झालं की तिनं स्टूल पायानं पुढे सरकवायचं. भांडण नाही, तंटा नाही, आणि माल उलट लवकर निघायला लागला.

माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर. सातवा महिना. पाय इतके सुजलेले की चपलेचे पट्टे रुतायचे. तिच्यासाठी मी वरच्या मुकादम बाईंकडे गेले.

"बाई, आमच्यासारखं तुम्हीही एक स्टूल फिरवा की."

"खालच्यांचं बघून आम्ही करायचं? साहेबांकडून येऊ दे."

गेले साहेबांकडे. साहेब खूश. "छान आहे! पण शिस्तीत करू."

मग मीटिंगांवर मीटिंगा. जाऊ रोज विचारायची, "जाऊबाई, आलं का हो स्टूल?"

"येतंय गं," मी म्हणायची, जणू ते बोटीनं निघालं होतं.

अखेर आलं. दर मजल्याला एक, गादीचं. "मला ही कल्पना सुचली तेव्हा..." असं साहेबांचं भाषण झालं. टाळ्या मीही वाजवल्या. हातांना सवय असते. नियम ठरला: बसायचा मान नोकरीच्या ज्येष्ठतेनं.

जेवणाची सुट्टी संपल्यावर वर डोकावले. स्टुलावर मुकादम बाई ऐसपैस. जाऊ टेबलाला रेलून इस्त्री ओढतेय.

"बाई, तिला आठवा लागलाय हो."

"मी इथे लागले तेव्हा ही परकरात होती. आणि तुमचं ते मोडकं साहेबांनी उचलायला सांगितलंय. योजनेबाहेरचं काही नको."

धावत खाली आले. स्टूल गेलेलं. नव्यावर आमचे मुकादम पेपर वाचत बसलेले, आणि बायका पुन्हा एका पायावरून दुसऱ्या पायावर.

डोक्यात तिडीक गेली. शर्टांचा रिकामा क्रेट उचलला, जिने चढले आणि जावेच्या टेबलामागे पालथा घातला.

"हे काय आता?" बाई कडाडल्या.

"क्रेट."

"योजनेत नाही तो."

"म्हणून तर आणला. साहेबांना आवडायच्या आत बसू दे तिला."

जाऊ मुकादम बाईंकडे बघत राहिली. मी तिचा खांदा दाबला तेव्हा बसली, पण अगदी कडेवर, कुणी हाक मारली तर लगेच उठता येईल अशी.