पिशवीतली काडतुसे

मित्रांनो, माझे नाव ऐकून तुम्ही मागे सरकलात तरी मला राग येणार नाही. मी एक जुनी कार्बाइन आहे. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, हलकी, खांद्याला लावून चालवायची बंदूक. मोठ्या रायफलीची लांबलचक काडतुसे माझ्यात बसत नाहीत. रिव्हॉल्व्हरला लागतात तीच बुटकी काडतुसे मला चालतात. माझ्या चापाभोवती एक लोखंडी कडे आहे. ते खाली ओढून पुन्हा वर केले की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि नवे आत सरकते. एवढेच माझे यंत्र.

तुम्ही म्हणाल, बंदुकीला कसली आली आहे भीती? पण गेली काही वर्षे मी भीतीतच काढली आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तापलेले पोलाद, तेलाचा वास आणि नळीच्या आत पीळदार खाचा कापणारे पाते, एवढेच मला तिथले आठवते. मग अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवून मला बोटीने न्यूझीलंडला पाठवले. पोहांगिनाच्या खोऱ्यात मेंढ्या पाळणाऱ्या ग्रेम नावाच्या शेतकऱ्याने मला घेतले. ते माझे चांगले दिवस. ससे आणि रानशेळ्या त्याच्या कुरणाचा फडशा पाडत, आणि मी त्याच्यासोबत टेकड्या पालथ्या घालीत असे. घरी आल्यावर तो मला तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि पाहुण्यांना म्हणायचा, "ही कधी दगा देत नाही."

पुढे त्याचे गुडघे गेले. मी लोखंडी कपाटात पडून राहिले. ओल लागून माझ्या नळीवर गंजाचे ठिपके उठले. माझ्या शेजारी एक दुसरी रायफल उभी असे, आपली आपण भरली जाणारी. मग क्राइस्टचर्चला मशिदीत प्रार्थना करणारी माणसे मारली गेली. कायदा बदलला आणि तसल्या बंदुकांवर बंदी आली. एके सकाळी ग्रेमने कपाट उघडले, शेजारणीला बाहेर काढले आणि तो तिला घेऊन गेला. ती परत आली नाही. प्रत्येक गोळीसाठी हाताने कडे ओढावे लागते, म्हणून मला राहू दिले. पण त्या रिकाम्या जागेकडे पाहताना मला प्रथमच कळले की लोक आम्हाला का भितात. तेव्हापासून मलाही माझीच भीती वाटू लागली.

ग्रेम वृद्धाश्रमात गेला आणि मी संपदाकडे आले.

संपदा मूळची नाशिकची. पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलमध्ये ती फार्मासिस्ट आहे. शहराबाहेर तिने आणि तिच्या नवऱ्याने, चंद्रहासने, जमिनीचा एक तुकडा घेऊन प्लम आणि फिजोआची फळझाडे लावली होती. ससे सालीसकट रोपे फस्त करीत. म्हणून तिने रीतसर लायसन्स काढले, मला घेतले आणि शिकण्यासाठी दर रविवारी टेकडीआडच्या नेमबाजी क्लबात जाऊ लागली.

पहिल्या दिवशी तिने ग्रेमच्या डब्यातली, माझ्यात बसणाऱ्यांतली त्यातल्या त्यात लांब आणि जोरकस काडतुसे भरली. प्रत्येक बाराला तिचा खांदा ठेचत होता. पुढे पुढे तर चाप ओढायच्या आधीच ती डोळे मिटू लागली. क्लबच्या रेंज ऑफिसर, म्हणजे गोळीबारावर देखरेख करणाऱ्या मेरे, एक मध्यमवयीन माओरी बाई, तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"किआ ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. "तू घाबरायचा सराव करते आहेस," त्या म्हणाल्या. "काडतूस बदल."

संपदाने विचारले, "कुठलं घेऊ?"

मेरेंनी तिला सावकाश समजावले. माझ्यात त्याच जाडीचे पण आखूड, सौम्य काडतूसही चालते. सरावाला ते बरे. माझ्या नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक झोपतात आणि प्रत्येकाचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते. त्या बुडात पेट घेणारी टोपी असते, म्हणून टोकदार गोळी चालत नाही, चपट्या नाकाचीच हवी. "आणि हलकं हवं म्हणून फारच हलकं घेऊ नकोस," मेरे म्हणाल्या. "रिव्हॉल्व्हरच्या वीतभर नळीतून निघेल, पण हिची नळी लांब आहे. वाटेत गोळीचा दम तुटेल."

संपदाने तशी काडतुसे आणली, कारखान्याच्या सीलबंद खोक्यातली. तिचे डोळे उघडे राहू लागले. गोळ्या कागदावर एकमेकींच्या जवळ पडू लागल्या. मलाही पुन्हा तेलाचे फडके मिळाले. मी सुखात होते.

मग दुकानातली ती काडतुसे संपली. पुढचा माल कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या रविवारी विवेकने तिच्यापुढे एक प्लास्टिकची पिशवी धरली.

विवेक पुण्याहून इथे शिकायला आला आणि इथेच राहिला. एका संशोधन संस्थेत काम करतो. संपदाच्या घरचाच म्हणावा असा. चंद्रहासचा पाय मोडला तेव्हा रोज डबा घेऊन येणारा तोच. गॅरेजमध्ये बसून, रिकाम्या पुंगळ्यांत दारू घालून आणि गोळी बसवून तो स्वतःची काडतुसे स्वतः भरत असे.

"घे गं, हीप्स आहेत माझ्याकडे, ढीगभर," तो म्हणाला. "चपट्या नाकाचीच आहेत. तुझ्या खांद्यासाठी मुद्दाम हलकी भरलीत."

संपदाने सवयीने पिशवी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते. "दारू किती आहे यात?"

"कमीच आहे. अगं, मी भरलीत म्हटलं ना!"

मित्रांनो, हॉस्पिटलात बिनलेबलची बाटली समोर आली तर संपदा ती सरळ बाजूला ठेवते. मग ती कोणीही आणलेली असो. पण इथे समोर विवेक होता. त्याला नाही म्हणणे तिला जड गेले. तिने पिशवी घेतली आणि ती काडतुसे एकेक करून माझ्यात सरकवली.

पहिल्या काही गोळ्या नीट गेल्या. समोरची लोखंडी पाटी टणटण वाजली. विवेक हसला, "बघ, एकदम झकास! स्वीट अ‍ॅज!"

आणि मग चाप ओढल्यावर माझ्या आत नुसते 'टप्' झाले.

मी ओळखले. त्या काडतुसात दारूच नव्हती. फक्त टोपी पेटली होती. तेवढ्या धगीने गोळी नळीत ढकलली गेली, पिळात रुतत रुतत अर्ध्या वाटेवर गेली आणि तिथेच थांबली. माझा श्वास कोंडला. शिशाचा बोळा नळीच्या ऐन मध्यावर बसला होता, आणि त्याच जागी, खालच्या लाकडाभोवती, संपदाचा डावा हात होता.

तिने कडे ओढले. रिकामे काडतूस बाहेर पडले. नवे आत आले, आणि हे मात्र दारूने भरलेले होते.

मला ओरडायचे होते. चाप घट्ट धरून ठेवावा, घोडा अडकवावा, काहीतरी करावे. पण मी पोलादाची, आणि ओढला तर माझा चाप सुटतोच. पुढची गोळी त्या बोळ्यावर आदळली असती तर माझी नळी फुटली असती. तिच्या बोटांचे, तिच्या तोंडाचे काय झाले असते, ते मला आजही मनात आणवत नाही.

तिचे बोट चापावर आले.

"लागली नाही का?" विवेकने मागून विचारले.

"आवाज वेगळा आला."

"इअरमफ घातलेत, सगळे आवाज तसेच वाटतात. नेम चुकला असेल. मार पुढची, लोक थांबलेत मागे."

"धक्काही बसला नाही."

"म्हणून तर हलकी भरलीत, वेडाबाई!"

खरोखरच मागे लोक आपल्या पाळीची वाट पाहत उभे होते. कोणीतरी खोकले. इअरमफखाली संपदाचे कान लाल झाले असावेत; माझ्या दस्त्याला टेकलेला तिचा गाल गरम लागू लागला. बोट चापावर किंचित दाबले गेले.

मग ते बाजूला झाले.

"नको विवेक," ती म्हणाली. "मला नाही मारायची. मला कळत नाहीये काय झालं, म्हणून नाही मारायची."

"सीझ फायर!" मेरेंचा आवाज घुमला. सगळ्यांनी गोळीबार थांबवून बंदुका खाली ठेवल्या. मेरेंनी माझे तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून मला रिकामे केले आणि नळीत पुढून पितळी सळई सरकवली. सळई अर्ध्यावर अडली. त्यांनी तिच्यावर अंगठ्याने खूण धरली, ती बाहेर काढली आणि माझ्या नळीशेजारी धरून दाखवली. ती कुठवर पोहोचली होती हे संपदाने पाहिले. विवेकनेही पाहिले.

तो गवतात बसला. "भरत बसलो होतो तेव्हा पुण्याहून फोन आला," तो म्हणाला. "बाबांना अ‍ॅडमिट केलं म्हणून. मी उठलो. परत येऊन बसलो आणि भरत राहिलो. त्यातच एक राहिलं असणार."

"एकच?" मेरेंनी विचारले.

आणि उरलेल्या काडतुसांची पिशवी उचलून त्यांनी आपल्याकडे ठेवली.

घरी आल्यावर संपदाने मला कपाटात बंद केले. पलीकडे स्वयंपाकघर. तिथे तिने चंद्रहासला सगळे सांगितले.

"विकून टाक ती," चंद्रहासचा आवाज फाटला. "खाऊ देत सशांना सगळी झाडं. मला तू हवी आहेस."

"विकली तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल. त्यालाही कुणीतरी प्रेमाने पिशवी देईलच ना?"

"मग काय करणार आहेस?"

"माहीत नाही. आत्ता फक्त भीती वाटतेय."

दुसऱ्या दिवशी तिने मला फील्डिंग गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने हातोडीचे ठोके देत गोळी बाहेर काढली. नंतर तो दिव्यापुढे धरून माझ्या नळीत पाहत राहिला. कुठे फुगवटा आला असेल तर माझे आयुष्य तिथेच संपणार होते. मला माझ्या शेजारणीची रिकामी जागा आठवली. अखेर तो म्हणाला, "वाचली." कोणाबद्दल म्हणाला, ते मी विचारू शकले नाही.

दुकानात सीलबंद खोकी पुन्हा आली तेव्हाच संपदा क्लबात गेली. खोक्यावरचे माप तिने माझ्या नळीवरच्या मापाशी ताडून पाहिले. पहिली गोळी झाडून ती थांबली, कागदावरचे भोक शोधले, मगच दुसरी भरली. हळू चालते म्हणून कोणी कुरकुरले तर ती कुरकुरू देत असे.

विवेक मात्र येत नव्हता. संपदाने केलेले फोनही तो उचलत नसे. मग थंडी ओसरल्यावर एका रविवारी तो क्लबच्या फाटकाशी उभा दिसला. खूप वाळला होता. आत येईना, म्हणून संपदाच त्याच्याकडे गेली. मी खोळीत, तिच्या खांद्यावर होते.

"सगळी फोडली," तो म्हणाला. "मेरेंकडून पिशवी घेतली आणि बसून एकेक काडतूस उघडलं." मग त्याने मान खाली घातली. "संपदा, अजून एक रिकामं निघालं."

तिची मूठ माझ्या खोळीच्या पट्ट्यावर आवळली. तो शिव्यांची वाट पाहत असावा. तिने विचारले, "बाबा कसे आहेत?"

"घरी आले," तो म्हणाला. "चालतात आता. तुझ्याबद्दल विचारतात. मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही." आणि फाटकाला धरून तो मोठमोठ्याने रडला.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, ओलीपासून जपा, हे मी सांगेनच. पण त्याआधी एक विनंती आहे. हातातल्या वस्तूचा आवाज कधी बदलला तर थांबा. मागे रांग असू दे, जवळचे माणूस हसू दे, कान लाल होऊ देत. आणि फोन वाजल्यावर अर्धवट सोडलेले काम पुन्हा हाती घ्याल, तेव्हा ते पहिल्यापासून तपासा. त्या कामापुढे दुसऱ्याच कुणाचा तरी हात असतो, संपदाचा होता तसा.