आत्याचं सरळ नाक

अगं, तू आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. ती चष्म्याच्या दुकानातली मिमी आहे ना, कायम पट्टी घेऊन मिलीमीटर मोजत बसणारी, तिने चेहरे काढायचा क्लास लावला. शेवटी प्रदर्शन. सरांची अट एकच, चेहरा ओळखू आला तरच भिंतीवर लागणार. मिमीला भिंत हवीच होती, सहा महिने घरचे तिच्या चित्रांना "वा, बटाटा छान आलाय" म्हणत होते!

आणि समोर बसायला कोण तयार झालं? तिची आत्या! फोटो म्हटलं की दाराआड जाणारी. लहानपणी झोपाळ्यावरून पडली, तेव्हापासून तिचं नाक उजवीकडे वळलेलं.

"बसते," आत्या म्हणाली, "पण नाक सरळ काढायचं. एवढं तरी कर आत्यासाठी."

मिमीने मन लावून काढलं. चेहरा खऱ्याएवढाच, कारण लहान करून मोजायचं तिला जमतच नाही. एकेक पापणी, कपाळावरची आठी, आणि मधोमध ओळंबा सोडल्यासारखं सरळ नाक. आतोबांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"बाई देखणी आहे. कोण म्हणायची?"

"आतोबा! तीस वर्षं संसार केलात!"

"हिच्याशी नाही केला गं."

झालं! मिमीचं तोंड एवढंसं. दोन दिवस तिने ओठ खोडले, हनुवटी बदलली, पण आत्या काही येईना. प्रदर्शन उद्यावर आलं. दुकानात बसल्या बसल्या तिने सहज आत्याच्या चष्म्याच्या मापाचं कार्ड काढलं. नाकापासून उजवा डोळा एकोणतीस मिलीमीटर, डावा चौतीस. तिच्याच अक्षरात! अगं, याच मापावर तिने आत्याचा चष्मा बसवला होता. दिवसभर लोकांच्या नाकांशी खेळणारी पोरगी, कागद समोर आला आणि सगळं विसरली.

नवा कागद घेतला आणि कार्डातल्या मापाने काढलं. नाक वळलं मात्र, आत्या अशी उतरली की आता ओरडेल, "आधी पंखा बंद कर!"

आणि नेमकी तेवढ्यात आत्या दारात. "झालं का गं? दाखव."

टेबलावर दोन्ही कागद. मिमीने दोन्ही पुढे केले.

आत्याचा चेहरा पडला. "नाक?"

"आत्या, तू जागची हलू नकोस." चष्मा तिच्या डोळ्यांवर असतानाच मिमीने पेनाने काचांवर दोन ठिपके दिले, बरोबर बाहुल्यांसमोर. मग तो काढून, काड्या मिटून सरळ नाकवालीला घातला. एक ठिपका नाकाकडे सरकलेला, दुसरा कानाकडे. वाकड्या नाकवालीला घातला. दोन्ही ठिपके थेट बाहुल्यांवर!

"म्हणजे माझा चष्मा वाकडा आहे?"

"तुझ्या मापाचा आहे. म्हणून तर तुझं डोकं दुखत नाही."

आत्याने कागदावरच्या नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे लाव भिंतीवर. आणि ते दुसरं मला गुंडाळून दे."

"कशाला?"

"ह्यांना एकदा विचारते, देखणी कोण, ही की मी!"

दुसऱ्या दिवशी सर, ज्यांनी आत्याला जन्मात पाहिलं नव्हतं, दारातच म्हणाले, "या या, तुम्ही समोरच्या भिंतीवर आहात." आत्या चक्क लाजली!

पण खरं सांग हं. आत्या दारात उभी, टेबलावर दोन कागद. तू असतीस तर कुठला पुढे केला असतास?