दोन कॉम्प्युटर अन् एक अंगठा

डोणगावात संजीवनीचं ऑनलाइन सेंटर आहे. कॉम्प्युटर दोन. कॉम्प्युटरच्या सिस्टीमची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिनं ती एकावरच चढवली आणि दुसऱ्याचं अपडेट महिनाभर थांबवून ठेवलं.

"काऊन वं, एकाले नवे कपडे अन् एकाले जुने?" मी विचारलं.

"आबा, नवं बियाणं पहिल्याच साली सगळ्या वावरात पेरता का तुम्ही? आधी दोन ओळी पेरून पाह्यतो ना आपण!"

पोरीचं बरोबर निघालं. नव्या आवृत्तीनं अंगठ्याचं मशीन ओळखलंच नाही. शिवाय कॉम्प्युटर इतका मंद, की माऊसचा बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोचेस्तोवर माझ्या शेजारच्या इंद्रभानची बकरी दोनदा व्याली. पिल्लं मी स्वतः पाहिली.

मी एष्टीचा रिटायर ड्रायव्हर. दरवर्षी अंगठा लावून जिवंत असल्याचा दाखला काढावा लागतो, नाही तर पेन्शन बंद. शेवटच्या तारखेला गेलो, जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलो. संजीवनी झेरॉक्सकडं वळली आणि तेवढ्यात तिचा थांबवलेला महिना भरला. पडद्यावर पाटी आली: अपडेट तयार आहे. आता करू की नंतर?

दारात आलेल्याला 'नंतर ये' म्हणायची आपल्याकडं रीत नाही. मी 'आता' दाबलं.

पाऊण तास नुसतं चाक फिरलं. मग अंगठा लावला, तर मशीन ढिम्म.

"आबा, काय करून ठेवलं हे!"

"पाव्हण्याले घरात घेतलं."

"माणिकराव," माझ्यामागं रांगेत उभा इंद्रभान म्हणाला, "तुम्ही गेले आता. तेरवीले बुंदी ठेवजा."

"वाढायले तूच ये बे!"

म्हणालो खरं, पण अंगठा धोतराला पुसून पुन्हा दोनदा मशीनवर दाबून पाहिला.

संजीवनीनं सेटिंग उघडली. "दहा दिवसांच्या आत मागच्या आवृत्तीवर परत जाता येते. कोणी हात लावू नका!"

कॉम्प्युटर मागं निघाला, तो असा सुसाट, की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटी फडफडली. माझी मिशी काळी झाली. कवळी हलायला लागली, कारण खालून दात उगवत होते. इंद्रभान आरसा शोधत सुटला.

"थांबव वं पोरी!"

तिनं नेमका मागच्या आवृत्तीवर आणून थांबवला. अंगठा टेकवला, हिरवी खूण आली. जिवंत!

"घाबरले काऊन आबा?" दाखला हातात देत ती म्हणाली. "चार दात तर फुकटात भेटले."

"दातांचं ठीक हाय वं. पण अजून थोडं मागं गेलं असतं, तर पेन्शन बंद अन् उद्या सकाळी सहाच्या खामगाव गाडीवर ड्युटी!"