तीन नंबरचा धूर

मी धूरतक्ता. बोलायला बसलोय खरा, पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. घडलेल्या गोष्टी मला आठवतात, त्यांचा क्रम मात्र डगमगतो. एका दुपारी खिडकीत काय झालं ते मला लख्ख आठवतं. पण ती दुपार सुनावणीच्या आधीची की नंतरची? वर्षानुवर्षं मी स्वतःला ‘नंतरची’ असंच सांगत आलो. तसं सांगणं मला सोयीचं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तळहाताएवढा जाड पुठ्ठा, मधे एक लांबट फट, आणि फटीच्या कडेने करड्या रंगाचे पाच चौकोन, एवढाच माझा देह. पहिला चौकोन जेमतेम मळका, पाचवा काळाकुट्ट. चिमणीतून धूर निघाला की मला हात लांब करून धरायचं, फटीतून धुराकडे पाहायचं आणि तो कोणत्या चौकोनाशी जुळतो ते नोंदायचं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. यात शास्त्र फार नाही, पण शिस्त फार आहे. सूर्य पाठीशी हवा. टक लावून पाहायचं नाही. आणि धरणाऱ्याच्या मनात आकडा आधीपासून असता कामा नये.

ही शिस्त माझ्या मालकांच्या अंगात मुरलेली होती. ते धूरतपासनीस होते. कचेरीत त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत, कारण ते कोणाचंही वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढे जात नसत. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा, उन्हाकडे पाठ करायची, मला वर धरायचं आणि ‘हं’ म्हणायचं. त्या ‘हं’नंतर आकडा ठरलेला असे. मग मी परत डाव्या खिशात, पेनाच्या शेजारी. सव्वीस वर्षं मी त्या खिशात राहिलो. त्यांच्या बायकोलाही इतका सलग सहवास मिळाला नसेल, असं मी तेव्हा अभिमानाने म्हणत असे.

गावाच्या कडेला कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. त्याची उंच चिमणी हेच आमचं मुख्य काम. तिथे बॉयलरवर फोरमन म्हणून कोण होता, तर मालकांचा सख्खा मेहुणा. भला माणूस, पण तोंडाला लगाम नाही.

“दाजी, आज किती?” तो फाटकातच विचारायचा.

“तीन.”

“तुमच्या त्या पुठ्ठ्यातून पाहिलं तर चहाची वाफसुद्धा तीन नंबर भरेल!”

“वाफ पांढरी असते. तुझ्या चिमणीतून निघतं ते वेगळं.”

“त्या चिमणीवर नऊशे घरांच्या चुली चालतात, दाजी. त्यांचा पण एक नंबर ठेवा की तुमच्या तक्त्यात.”

हे बोलणं थट्टेचं असलं तरी त्यात काटा होता. नवा नियम येणार म्हणून चर्चा चालली होती. धूर एक नंबरच्या वर राहिला तर चिमणीआधी राख पकडणारी गाळणी बसवायची, आणि ती बसेपर्यंत केंद्र पाच महिने बंद. गावात दोन तट पडले. एका तटाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडत होती आणि म्हातारी माणसं पहाटेपासून खोकत होती. दुसऱ्या तटाला वाटत होतं की एकदा बंद झालेलं केंद्र परत सुरू होणारच नाही. गंमत अशी की बरीच माणसं दोन्ही तटांत होती. फोरमनची बायको सकाळी नवऱ्याच्या नोकरीची काळजी करी आणि दुपारी दोरीवरच्या चादरी झटकत त्याच केंद्राला शिव्या घाली.

मालकांना एक मुलगी. लहान असताना ती मला खिशातून पळवायची आणि फटीतून ढग पाहायची. “बाबा, हा ढग दोन नंबर!” मालक हसत. मला तेव्हाही ते आवडत नसे. पाहावं कसं हे त्यांनी माझ्या आधाराने तिला शिकवलं, आणि कौतुक झालं ते तिचं. पण लहान मुलाचा किती राग धरायचा? मी सोडून दिलं. निदान सोडून दिलं असं मला वाटलं.

ती शिकून इंजिनिअर झाली, वडिलांच्याच खात्यात लागली आणि येताना ‘त्याला’ घेऊन आली.

तो म्हणजे मीटर. चिमणीच्या एका बाजूने प्रकाशाचा झोत सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचतो ते मोजायचं. धूर जितका दाट तितका प्रकाश कमी. दिवसरात्र, पावसापाण्यात, दर मिनिटाला आकडा. सूर्य पाठीशी नको, चष्मा नको, ‘हं’ नको. करड्या रंगाची चकचकीत पेटी, वर इवलासा हिरवा दिवा. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. खरं सांगायचं तर आवडला, आणि म्हणूनच पोटात दुखलं.

मीटर बसवला त्या दिवशी मी मालकांच्या खिशातून सगळं ऐकत होतो. मुलगी चिमणीच्या मधल्या मजल्यावर उभी, शेजारी फोरमन.

“मामा, बॉयलर बंद करावा लागेल. स्वच्छ चिमणी म्हणजे काय ते याला एकदा दाखवायला हवं. तिथून याचं शून्य धरायचं.”

“बंद? पोरी, बॉयलर म्हणजे काय पंखा आहे, खटका दाबला की थांबला? थंड करून पुन्हा पेटवायचा म्हणजे दोन दिवस गेले. आज धूर नाहीच जवळजवळ. धर इथूनच शून्य.”

“नाही हो मामा, असं चालत नाही.”

“तुला कडेवर घेऊन फिरवलंय मी. मामाचं एवढं ऐकायचं नाही?”

तिने वडिलांकडे पाहिलं. वडील चिमणीकडे पाहत राहिले. त्यांना हे यंत्रच नको होतं, मग त्याचं शून्य कुठे का असेना! ती नवी होती, नेमणूक अजून कच्ची होती. तिने पेटत्या बॉयलरवर शून्य धरलं.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. मी म्हणे तीन, मीटर म्हणे अर्धा. मालक रोज मला वर धरत, ‘हं’ म्हणत, आणि ते ‘हं’ दर दिवशी थोडं हळू होत गेलं. घरी बापलेकीचं बोलणं बंद झालं. समोरासमोर बसून दोघं आईमार्फत बोलत.

“आई, बाबांना सांग, डोळा दमतो, यंत्र दमत नाही.”

“अगं, तिला सांग, न दमणाऱ्याला लाजही नसते.”

“मी काय तारखातं उघडलंय का?” आई म्हणायची. “ताटं उचला आधी. नंबर नंतर.”

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा कोणालाच सांगितली नाही. सांगता आली नसती हा भाग वेगळा. सांगता आली असती तरी सांगितली नसती. एका उन्हाळ्यात मालक दोन महिने रजेवर गेले आणि मला कचेरीच्या गाडीत पुढच्या काचेपाशी विसरून गेले. उन्हाने मी विटलो. माझा तिसरा चौकोन पूर्वीच्या दुसऱ्याइतका फिका पडला. म्हणजे धूर दोनचा असला तरी माझ्यात तो तीनशी जुळणार. मालकांना हे लक्षात आलं नाही. रोज आरशात पाहणाऱ्याला आपले केस कधी पांढरे झाले ते कळत नाही, तसं. मला मात्र कळत होतं. वेळ जाईल तसं मी स्वतःला पटवत गेलो की फिकेपणा फार नाही, आणि असला तरी त्या पेटीपेक्षा मी बरा.

मग ती खिडकीतली दुपार. रविवार होता, शर्ट धुवायला गेला होता आणि मी टेबलावर. मुलीने मला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि माझ्याशेजारी माझ्याच जातीचा एक कोराकरकरीत तक्ता ठेवला. लिफाफ्यातून नुकता काढलेला. काय त्याचे रंग! पाचवा चौकोन कसा काजळासारखा! ती वाकून आलटूनपालटून आम्हा दोघांकडे पाहत राहिली. मग एका कागदावर काहीतरी लिहिलं, तो कागद आणि तो नवा पोरगा दोघांना लिफाफ्यात घातलं, आणि मला होतं तसं जागेवर ठेवलं.

माझ्या जिवाची लाही झाली. एक मीटर पुरला नाही म्हणून आता हा! ही मुलगी मला खिशातून काढल्याशिवाय राहणार नाही. सुनावणीत हरली, म्हणून आता माझी खोडी शोधते आहे. असं मी ठरवून टाकलं, आणि ती दुपार सुनावणीनंतरच्या कप्प्यात नेऊन ठेवली.

गाळणी बसवायची की नाही, याची सुनावणी मोठ्या सभागृहात झाली. खुर्च्या कमी, माणसं फार. केंद्राच्या वकिलाने मला मागून घेतलं आणि चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं.

“एकीकडे मिनिटामिनिटाला आकडा देणारं यंत्र, तेही खात्याचंच. दुसरीकडे हा खिशातला पुठ्ठा! याच्या भरवशावर नऊशे माणसांना घरी बसवायचं?”

मागून कोणीतरी टाळी वाजवली. फोरमनने नाही. तो मान खाली घालून बसला होता.

“मास्तर, मला एवढंच सांगा,” वकील म्हणाला, “हा तक्ता शेवटचा कधी तपासून घेतलात?”

मालकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. मी वकिलाच्या चिमटीत गार पडलो.

तेवढ्यात मुलगी उभी राहिली.

“एक मिनिट. त्याआधी माझं ऐका. मीटर चुकतोय. त्याचं शून्य मी पेटत्या बॉयलरवर धरलं. धुराने भरलेली चिमणी त्याला स्वच्छ वाटते. चूक माझी आहे, माझ्या सहीने आहे.”

सभागृहात गलका झाला. वकील कागद चाळू लागला. फोरमन उठला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तिची एकटीची नाही. गळ मी घातली होती.” त्या गडबडीत तक्त्याचा प्रश्न विरून गेला, तो पुन्हा कोणी विचारला नाही. निकाल लागला : गाळणी बसवायची.

मी जिंकलो होतो! इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मुलीची पक्की नेमणूक सहा महिने लांबली, त्याचंही मला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. हे सांगताना लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

ते सुख पाच महिने टिकलं. गाळणी बसवायला केंद्र बंद झालं, चिमणी थंड झाली, तेव्हा मुलीने मीटरला खरं शून्य दाखवलं. त्यानंतर तो चुकला नाही. केंद्र पुन्हा सुरू झालं, नऊशेच्या नऊशे माणसं कामावर गेली, फोरमन तर गाळणीचाच प्रमुख झाला आणि भेटेल त्याला तिची राख दाखवू लागला. मालक निवृत्त झाले. मी टेबलाच्या खणात गेलो. अंधारात मी दररोज त्या हिरव्या दिव्याचा हेवा केला. खणात दुसरं करण्यासारखं काही नसतं.

परवा तो खण उघडला. मालक जाऊन वर्ष झालं होतं. मुलीचे केस आता माझ्या दुसऱ्या चौकोनाच्या रंगाचे. बरोबर म्हातारा मामा. खात्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत जुन्या वस्तूंची काचपेटी करायची होती. मला उचलताना तिने तो जुना लिफाफाही सोबत आणलेला दिसला. मामाने चष्मा चढवून आतला कागद मोठ्याने वाचला.

“‘बाबांचा तक्ता एक नंबर फिका. त्याचे तीन म्हणजे खरे दोन. मर्यादा एक. निकाल बदलत नाही.’ म्हणजे तुला माहीत होतं? आणि दाजींना?”

“निकाल बदलणार असता तर तिथल्या तिथे बोलले असते, मामा. बदलत नव्हता. मग त्यांना चारचौघांत कशाला...”

“आणि स्वतःचं मात्र चारचौघांत सांगितलंस.”

“ते सांगावंच लागलं असतं. माझा आकडा खोटा होता.”

मामाने माझ्यावरून अंगठा फिरवला. “सव्वीस वर्षं दाजी याला छातीशी धरून होते,” तो म्हणाला.

आता मी काचपेटीत आहे. शेजारी तोच मीटर, त्याचाही हिरवा दिवा विझलेला. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे पाहिलं नाही. हल्ली पाहतो. नव्याने शिकायला येणारी मुलं आम्हा दोघांपुढे सारखाच वेळ थांबतात, हे मी मोजलं आहे. त्यांना एकच सांगावंसं वाटतं : आमच्यापैकी कोणालाही खिशात घाला, पण अधूनमधून खिडकीत नेऊन दुसऱ्याशेजारी ठेवून पाहा.

पेटीत आमच्यासोबत दोन कागद लावले आहेत. एक सुनावणीची नोटीस, दुसरी तिची चिठ्ठी. दोन्हींवर तारखा आहेत. माझ्या जागेवरून त्या दिसायला थोडं अवघड जातं, म्हणून मी तीनतीनदा खात्री करून घेतली. नोटिशीवर सुनावणीचा दिवस सोमवार, एकोणीस. चिठ्ठीवर रविवार, अठरा.